लेंटमध्ये मी ट्रंपेट सोडला

माझा जन्म मनमाडचा, रेल्वेच्या क्वार्टरमधला. आमचे दादा, म्हंजे माझे वडील, रेल्वेत फिटर होते आन् चर्चमध्ये ट्रंपेट वाजवायचे. नाव माझं शमुवेल, पण एवढं लांब कोण म्हणतंय, नाशकात सगळे शमूमामाच म्हणतात, तुमच्या सोसायटीच्या गेटवरसुद्धा तो वॉचमन शमूमामा प्लंबर असंच लिहितो. त्या दिवशी तुमचा नळ खोलताना तुम्ही विचारलं, मामा, वरच्या ओठावर हा गोल वण कसला, म्हणून तर हे सगळं निघालं. तो वण माउथपीसचा हाय. लहानपणापासून रोज तिथं पितळ दाबलंय, आता ते जायचं नाय.

दादांनी मला शिकवलं ते मारून मारून शिकवलं. तवा कोळशाची इंजिनं होती, जंक्शन असल्यामुळं एक शिट्टी संपली की दुसरी, आन् दादा म्हणायचे की त्या शिट्टीएवढा लांब सूर धर, मधे तुटला तर जेवण नाय. आई आतून ओरडायची, पोराला जेवू द्या. जेवण मिळायचं, पण उशिरा. पुढं लग्न झालं, नाशिकला आलो, एका मिस्त्रीच्या हाताखाली प्लंबिंग शिकलो, दिवसा पाइप आन् संध्याकाळी लग्नाचा बँड. मालेगावपर्यंत वराती वाजवल्या मी. लाल कोट, खांद्याला सोनेरी झिरमिळ्या, आन् समोर नाचणारे असे की नवरदेवाचा मामा एकदा माझ्या ट्रंपेटमध्येच नोट खुपसायला लागला. मंग डीजे आला. डीजे आला आन् आमचा बँड बसला, मालकानं कोट विकले, ढोल विकले. माझा ट्रंपेट माझा स्वतःचा, म्हंजे दादांचा, म्हणून तेवढा राहिला.

तर मी सांगत काय होतो, हां. बँड गेला तरी माझी रोजची सवय गेली नाय. कामावरून आलो, आंघोळ केली की खाटेवर बसायचं आन् सुमनचा, म्हंजे आमच्या मंडळींचा, स्वयंपाक होईपर्यंत वाजवायचं. कंपाउंडातल्या सगळ्यांना माहीत, शमूमामाचा ट्रंपेट वाजला म्हंजे कुकर लावायची वेळ झाली. दिवसभर लोकांच्या मोऱ्या तुंबलेल्या काढायच्या, वर त्यांचं ऐकून घ्यायचं, काल तर दुरुस्त केलं होतं, आज परत कसं गळतं, आन् घरी येऊन ट्रंपेट ओठाला लावला की डोक्यातलं सगळं खाली बसायचं. याला प्रार्थना म्हणतात, असं मला कवा वाटलंच नाय. प्रार्थना सुमन करते. ती डोळे मिटून सुरू झाली की भाचे, पुतणे, त्यांच्या नोकऱ्या, शेजारणीचा गुडघा, देशाचे पुढारी, सगळ्यांना घेऊनच आमेनला पोचते. मला तिच्या निम्म्यात झोप लागते.

आता आमची ईस्टरची रीत तुम्हाला सांगायला पाहिजे, नायतर पुढचं कळणार नाय. ईस्टरला आम्ही उजाडायच्या आधी कब्रस्तानात जमतो. आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, फुलं ठेवतो, पण कोणी कोणाशी एक शब्द बोलत नाय. सलाम नाय, कसे हाय नाय, पोरंसुद्धा गप्प. त्या दिवशीचा पहिला आवाज ट्रंपेटचा असला पाहिजे. दादांनी स्वतः जुळवलेली एक लहानशी धून हाय, खालून सुरू होते, हळूहळू चढते आन् शेवटी एक वरचा सूर हाय तो लांब धरायचा. तो सूर संपला की पाळकसाहेब, म्हंजे चर्चचे पाद्री, मोठ्यानं म्हणणार, प्रभू उठला आहे, आन् सगळे म्हणणार, खरोखर उठला आहे, मंग गळाभेटी, मंग चहा. दादा रिटायर होऊन आमच्याकडं आले तवापासून ही रीत इथं सुरू झाली. त्यांचे दात गेले तवा ट्रंपेट माझ्याकडं आला. दादाही आता तिथंच झोपलेत, कडुलिंबाच्या बाजूला. म्हंजे मी वाजवतो ते त्यांच्या डोक्याशी उभा राहून. त्यात एकदाही चुकलो नव्हतो. ताप होता तवा वाजवलंय, आईला पुरल्याच्या वर्षी वाजवलंय.

मागच्या वर्षी आमच्याकडं नवे पाळकसाहेब आले. तरुण, शिकलेले, माणूस चांगला, मी वाईट म्हणत नाय. पण उत्साह फार. लेंट म्हंजे ईस्टरच्या आधीचे आमचे उपवासाचे चाळीस दिवस, तर लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून झाली आन् साहेब म्हणाले, या वेळी नुसतं मटण सोडून भागायचं नाय. जे तुम्हाला सगळ्यात प्रिय ते सोडा, आन् जो वेळ मोकळा होईल त्यात रोज एक वचन वाचा, शांत बसा, मनन करा. कोणाला मंडळीसमोर, म्हंजे सगळ्या चर्चसमोर, सांगायचं असेल तर उभं राहून सांगा.

लोक उभे राहायला लागले. कोणी चहा सोडला, कोणी सिरियल सोडली, एकानं तंबाखू सोडली तर त्याची बायको रडायला लागली. आमच्या सुमननं साखर सोडली. आन् मला काय झालं कोण जाणे, मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, मी ट्रंपेट सोडतो. सगळी मंडळी मागं वळून बघायला लागली. साहेबांचे डोळे भरून आले, म्हणाले, मामा, हे खरं अर्पण. मी एवढा फुगलो काय सांगू तुम्हाला, त्याच संध्याकाळी ट्रंपेट पेटीसकट नेऊन साहेबांच्या ताब्यात दिला, म्हटलं घरात राहिला तर मोह होईल, तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवा, ईस्टरच्या आदल्या दिवशी घेऊन जाईन. सुमन रस्त्यात काहीच बोलली नाय. मला वाटलं तिलाही भरून आलंय.

दुसऱ्या दिवसापासून माझा वनवास सुरू झाला. साहेब रोज सकाळी मोबाइलवर वचन पाठवायचे, मंडळीचा ग्रुप हाय ना, त्याच्यावर. वाचायचं, पाव तास शांत बसायचं, आन् संध्याकाळी सगळ्यांनी लिहायचं, आज प्रभू मला काय म्हणाला. मी संध्याकाळी आंघोळ करून खाटेवर बसायचो, चष्मा लावायचो, वाचायचो. वाळवंटात भटकणाऱ्या लोकांचं असायचं, कवा स्तोत्र असायचं. वाचून व्हायचं. मंग डोळे मिटायचे. आन् डोळे मिटले की मला काय दिसायचं, तर दिवसा काम केलेल्या बंगल्यातला गळका फ्लश. त्याची पिन कुठं मिळेल. फ्लश बाजूला सारला की भूक. भूक बाजूला सारली की माझी बोटं मांडीवर बटणं दाबायला लागायची, मला न विचारता. मी हातावर हात ठेवून बसलो तर ओठ आतल्या आत आवळायला लागले. एवढा राग यायचा मला. देवासमोर बसलोय आन् शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटतंय.

बरं, ग्रुपवर बाकीच्यांना प्रभू रोज काहीतरी म्हणायचा. लांब लांब लिहायचे लोक. ज्यानं तंबाखू सोडली त्याला तर दोन दोन वेळा म्हणायचा. मला काहीच म्हणाला नाय. मी काय लिहिणार, आज प्रभू गप्प होता? मी नुसते दोन जोडलेले हात पाठवायचो. साहेब त्याखाली लिहायचे, आमेन मामा. मला आणखीनच राग यायचा, मी काय म्हणालोय की तुम्ही आमेन म्हणताय.

घरातसुद्धा मी नुसता खेकसत होतो. डाळ पातळ का, पंखा का चालू, हा स्टूल इथं कोणी ठेवला. सुमन बिनसाखरेचा चहा पिऊन आधीच वैतागलेली, ती एक दिवस म्हणाली, तुम्ही काय सोडलंय ते मला समजतच नाय, मी तर बघते की तुम्ही सगळं धरून बसलाय. शेजारची बाई विचारायला आली, मामा आजारी हाय का, संध्याकाळी आवाज नाय, माझा कुकर रोज उशिरा लागतो. मी तिच्यावरही खेकसलो. मी साहेबांकडं गेलो, म्हटलं साहेब, माझं मन लागत नाय, माझ्याच्यानं हे होत नाय. ते म्हणाले, मामा, मन लागत नाय तीच तर परीक्षा, वाळवंट असंच असतं, टिकून राहा. चहा पाजला. चहा त्यांनी सोडला होता, मी एकटाच प्यायलो, ते बघत बसले. कपाट त्यांच्या मागंच होतं. मला पेटी दिसत नव्हती पण तिथं हाय ते माहीत होतं, आन् मी लाळ गिळत घरी आलो. मागितला असता तर त्यांनी दिला असता. पण मंडळीसमोर बोललेलो, तोंड कुठं दाखवू.

मनात एक विचार यायचा, ओठ राहील का. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, ट्रंपेट काय बटणांवर वाजत नाय, ओठावर वाजतो. ओठाचं मांस रोज कामाला लावलं तर घट्ट राहतं, नायतर ढिलं पडतं, नळातला वायसर सुकतो तसं. पण पूर्वी मी पंधरा पंधरा दिवस सासुरवाडीला राहायचो, वाजवायचो नाय, परत आलो की दोन दिवसांत ओठ जागेवर. म्हटलं एवढं काय. आन् दुसरं म्हंजे, खरं सांगतो, मला वाटलं देवासाठी सोडलंय तर देव बघून घेईल. त्याला कळत नाय का की ईस्टरला लागणार हाय.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी पेटी घरी आणली. पितळ पुसलं, तेल घातलं, ओठाला लावला. खालचे सूर आले, घोगरे, पण आले. मधले थरथरले. वरचा सूर धरायला गेलो तर नुसती हवा. परत धरला, परत हवा. दुपारभर मी झटलो आन् त्यानं उलटं झालं, ओठ सुजला, संध्याकाळपर्यंत होते ते सूरही गेले. सुमननं बर्फ दिला. मी बर्फ ओठाला लावून बसलो आन् काय सांगू, माझ्या तोंडून प्रार्थना निघाली ती अशी, की तू हे बरं नाय केलंस.

पहाटे गेलो. सगळी मंडळी आलेली, कबरींवर मेणबत्त्या लागलेल्या, सगळे नेहमीसारखे गप्प. मी कडुलिंबाशी उभा राहिलो, दादांच्या डोक्याशी. सुरू केलं. पहिल्या दोन ओळी ओढत ओढत झाल्या. चढणीला आवाज फाटला. आन् वरच्या सुराला फुस्स. सायकलची हवा सोडतात ना, तेवढंच. मी श्वास घेतला, परत लावला, परत फुस्स. मी ट्रंपेट खाली घेतला.

आन् आता पुढचं ऐका. कोणी बोलेचना. सूर झाल्याशिवाय बोलायचं नाय ही रीत, आन् सूर तर झाला नाय. सगळे मेणबत्त्या धरून माझ्याकडं बघत उभे. साहेब नवे, त्यांना समजेना धून संपली की राहिलीय. एक लहान पोरगी आईला काहीतरी विचारायला गेली तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाय, मला तर माझा जन्म गेल्यासारखा वाटला. शेवटी साहेबांनी घसा खाकरला आन् बारीक आवाजात म्हणाले, प्रभू उठला आहे. मंडळीही बारीक आवाजात म्हणाली, खरोखर उठला आहे. जसं काय चुकून उठला.

चहाच्या वेळी कोणी काही म्हणालं नाय. हेच तर वाईट. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या. फक्त एस्तेरआजी आली, आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी, दोन्ही कानांनी ठार बहिरी, तिनं माझा हात धरला आन् मोठ्यानं म्हणाली, शमू, अगदी दादांसारखं वाजवलंस बाबा. मला तिचा हात झटकावासा वाटला. ट्रंपेट पेटीत टाकला आन् चहा न पिता घरी आलो.

घरी मी सुमनसमोर भडाभडा बोललो. म्हटलं हे लेंट, हे मनन, काय मिळालं मला. प्रार्थना तर आली नाय, होतं ते एक वाजवणं तेही गेलं. आजवर दादांची धून मोडली नव्हती ती मी मोडली, तीही देवाच्या नावानं. दादा असते तर काय म्हणाले असते. तवा सुमन, कपात साखर घालता घालता, ईस्टर झाला ना, तर म्हणते कशी, दादा तर लेंटमध्ये रोज वाजवायचे.

मी म्हटलं, काय?

ती म्हणाली, रोज. बोळा घालून. तुम्ही मालकाचा ट्रंपेट वाजवायला बँडला जायचात, लग्नाचा सीझन तोच, तुम्हाला कुठून माहीत असणार. संध्याकाळी ट्रंपेटच्या तोंडात माझं जुनं पातळ कोंबायचे, भिंतीकडं तोंड करून बसायचे आन् एकच सूर लांब धरायचे. मंग दुसरा. गाणं नाय, काही नाय. मी एकदा विचारलं, दादा, असं का, तर म्हणाले, सूनबाई, उपवास गाण्याचा करतोय, ओठाचा नाय. ओठ ईस्टरला लागणार हाय.

मला एकदम मनमाडचं क्वार्टर आठवलं. तिथंही दादा कधीकधी ट्रंपेटमध्ये टॉवेल कोंबून बसायचे आन् मला वाटायचं की शेजारी नाईट ड्युटीवाले झोपलेत म्हणून. सूर कसा धरायचा ते मला मारून शिकवलं, आन् हे सुनेला सांगितलं, मला नाय. मी सुमनला म्हटलं, अगं मंग मी उभा राहून बोललो तवा तू का नाय बोललीस. ती म्हणाली, बोलू कशी, तुम्ही सगळ्या मंडळीसमोर बोलून मोकळे झालात, घरी कोणाला विचारलंत का. आन् साहेबांचे डोळे भरलेले, मी काय मधे उठून म्हणू, थांबा, यांच्या ओठाचं काय? मी कप ओढला, चहा प्यायलो.

त्यानंतरचं वर्ष असंच गेलं. वय झालंय, ओठ पूर्वीसारखा लवकर येत नाय. त्यात पुढचा दात हलायला लागलाय, डॉक्टर म्हणतो काढा, मी म्हणतो ईस्टर होऊ दे. खालचे सूर आले, मधले आले. परत राखेचा बुधवार आला. साहेबांनी दारातच विचारलं, जपूनच विचारलं बिचाऱ्यानं, मामा, यंदा काय सोडणार? मी म्हटलं, यंदा गाणी सोडली साहेब. त्यांना काही कळलं नाय पण मान हलवली. उभं राहून मी या वेळी काही सांगितलं नाय.

आता रोज संध्याकाळी सुमनची जुनी ओढणी कोंबतो आन् भिंतीकडं तोंड करून बसतो. एक सूर धरायचा, श्वास संपेपर्यंत. मंग दुसरा. लय कंटाळवाणं काम हाय, मला विचारू नका. गाणं वाजवताना माणूस स्वतःवर खूश होतो, इथं खूश व्हायला काहीच नाय, नुसता भो. शेजारची बाई म्हणते, मामा, म्हैस अडल्यासारखा आवाज येतो, कुकर कवा लावू ते कळत नाय. फ्लशचे विचार अजून येतात. पण सूर धरलेला असला की ते येतात आन् जातात, कारण लक्ष त्यांच्याकडं दिलं तर श्वास तुटतो. मनन म्हणायचं तर हेच माझं. साहेब म्हणतील त्यात बसतं की नाय, मला माहीत नाय. प्रभू मला अजून काही म्हणालेला नाय. ग्रुपवर मी यंदा हातही पाठवत नाय.

आन् सुमनची प्रार्थना चालूच हाय. माझं वाजवणं संपलं की ती बसते. परवा मी अर्धवट झोपेत ऐकलं, भाच्याची नोकरी झाली, शेजारणीचा गुडघा झाला, आन् मधेच म्हणाली, प्रभू, यांच्या ओठाला बळ दे, आन् यांच्या दाताला ईस्टरपर्यंत धर. आन् मंग पुढाऱ्यांवर गेली. मी डोळे उघडले नाय. पण आमेन म्हणालो, मोठ्यानं, तर ती दचकली, कारण एवढ्या वर्षांत तिच्या आमेनला मी जागा नसतो.

पण वरचा सूर काय अजून येत नाय. खोटं कशाला सांगू. कालच बोळा काढून एकदा लावून बघितला, गाणं नाय, फक्त तो सूर, आन् आला तो अर्धाच आला, मंग फाटला. दात दुखला. मी ट्रंपेट खाटेवर आपटणार होतो, दादांचा हाय म्हणून नाय आपटला. आता ईस्टरला थोडेच दिवस राहिलेत, आन् उभं तर मलाच राहायचंय, दुसरा कोणी हाय कुठं वाजवणारा. साहेब म्हणाले, मोबाइलवर रेकॉर्ड लावू का मामा, म्हटलं साहेब, मेलेल्या माणसांसमोर तरी खरं वाजू द्या.

तुम्ही या ईस्टरला. कब्रस्तान कुठं ते निघताना तुमच्या वॉचमनला विचारा, तो मला ओळखतो, त्याला माहीत हाय. पहाटे थंडी असते, शाल आणा, मेणबत्ती आम्ही देऊ, आन् आत आलात की कोणाशी बोलू नका. तुमचा नळ परत गळला तर फोन करा, त्याचे पैसे नाय. प्रभू तुमचं भलं करो. सूर लागला तर ऐका. नाय लागला तर एस्तेरआजीच्या शेजारी जाऊन उभे राहा, तिला दरवर्षी लागलेलाच ऐकू येतो.